बांधीतलं धान आणि तलावातलं धान

बियाण्याचे साहेब बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या बांधीत, धानाच्या शेतात, उतरले तेव्हा बाबूजी धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, उभे होते आणि मी त्यांच्या मागे. धान नुकतंच निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. साहेब दोन ओळींच्या मधून चालत गेले, थांबले, वाकले आणि एक लोंबी तोडून त्यांनी वर धरली. तिला लांबलचक तांबूस कुसळं होती, मांजराच्या मिशांसारखी. बाकी सगळ्या बांधीतलं धान बिनकुसळांचं, गुळगुळीत.

"हे काय आहे, काका?"

 काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आमची ही बांधी खाण्याच्या धानाची नाही, बियाण्याची आहे. सीलबंद पिशवी येते, तिच्यातूनच पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे, दोरी धरून सरळ ओळीत रोवणा, म्हणजे लावणी, करायचा, आणि सगळ्या बांधीत एकाच जातीचं धान उभं राहिलं पाहिजे. हे धान पुढे दुसऱ्या शेतकऱ्यांच्या घरी बियाणं म्हणून जातं, म्हणून साहेब येऊन एकेक ओळ बघतात. आमच्या गावात असा प्लॉट फक्त बाबूजींकडे. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बांधी दाखवली जाते.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "ही भेसळ उपटून टाका. मी दसऱ्यानंतर परत येतो. पण ही येते कुठून ते शोधा आणि थांबवा. पुढच्या वर्षीही दिसली तर प्लॉट देता येणार नाही."

ते मोटारसायकलवर बसून गेले. बाबूजींनी हळूच मान वळवली. धुऱ्यापलीकडे तलाव. त्याच्या उथळ काठावर, गुडघाभर पाण्यात, तीच तांबूस कुसळं वाऱ्यावर हलत होती. कुणी न पेरलेलं, कुणी न रोवलेलं देवधान.

"शोधा म्हनते," बाबूजी म्हणाले. "शोधाचं काय आहे त्यात? थे पाय, तिथूनच येते."

आणि घरी येऊन, पाय धुता धुता, मायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा त्या देवधानाचा निकालच लावतो."

माय चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली, एवढंच.

*

देवधान म्हणजे रानातलं धान. आमच्या भागातल्या जुन्या तलावांच्या काठी आपलं आपण उगवतं, आपलं आपण पिकतं आणि पिकलं की लगेच गळून पाण्यात जातं. कापायला थांबलात तर हाती नुसतं तनस म्हणजे पेंढा येतो. म्हणून बाया ते पिकायच्या आधीच पाण्यात उतरून चार-सहा लोंब्यांची गाठ बांधून ठेवतात. मग पिकल्यावर टोपली खाली धरून गाठ झटकायची. मायची यातली जोडीदारीण म्हणजे ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यातली मावशी. नात्यातली नव्हे, पण मायला लग्न होऊन आल्यावर गावात पहिली मैत्रीण मिळाली ती हीच. मावशी डोंग्यातून, छोट्या होडीतून, खोल पाण्यातलं झटकते, माय काठचं झटकते. घरी आणून अंगणात वाळवतात, कांडतात आणि डबा भरून वर्षभर ठेवतात. ऋषिपंचमीला आमच्याकडे बाया नांगर न लागलेलं, बैलाच्या मेहनतीशिवाय उगवलेलं तेवढंच खातात. त्या दिवशी देवधानाचा लालसर भात रांधला जातो आणि ज्यांच्याकडे नाही त्या बायांना माय ओंजळ ओंजळ देते.

माझं या व्रताशी भांडण जुनं आहे. पाळीच्या दिवसांत कळत-नकळत कुठे हात लागला, त्याचं पाप फेडायला म्हणे हा उपास! कुठलं पाप? कुणाचं पाप? ज्या रक्तातून सगळं गाव जन्माला आलं त्याचा विटाळ मानायचा आणि वर बाईनेच उपाशी राहून माफी मागायची? मी कॉलेजात असताना याच्यावर पत्रक काढलं होतं आणि घरोघर वाटलं होतं. पत्रकं माझ्या रक्तातच आहेत. माझ्या मामाचा गोंदियात छापखाना होता. सुट्टीत मी तिथे राहायची. अक्षरओळख झाली ती बिडी कामगारांच्या मोर्चाच्या, हुंडाबंदीच्या, भोंदूबाबांविरुद्धच्या पत्रकांवर. उद्गारचिन्ह मला अनुस्वाराच्या आधी काढता यायला लागलं, असं मामा सगळ्यांना सांगायचा.

तर ते व्रताविरुद्धचं पत्रक मी मायलाही दिलं होतं. तिने ते नीट वाचलं, घडी घातली आणि देवधानाच्या डब्याच्या तळाशी अंथरलं. म्हणाली, "कागद चांगला जाड आहे. ओल नाई लागत."

त्यामुळे बाबूजींचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं! देवधान गेलं की व्रतही जाईल. संध्याकाळी मी मायला तसं म्हटलंसुद्धा. ती कोथिंबीर निवडत होती.

"व्रत गेलं तं जाऊ दे," ती म्हणाली. "उपासाचं मले काई नाई. पन बाई, हे घर पाय. बांधी कोनाच्या नावावर? बाबूजीच्या. त्याच्या आधी त्याइच्या बाबूजीच्या. मी या घरात आली तवापासून रोवना करून राहिली, निंदन करून राहिली. पन कोठीत जे जाते ते सारं त्याइचं. हा एक डबा माह्या हातचा आहे. कोनाले द्याचं, कोनाले नाई, ते मी ठरवतो. कोनाले इचारा लागत नाई."

 एवढी पत्रकं वाचली, एवढी लिहिली, आणि जमिनीवरच्या बाईच्या हक्काबद्दल इतकं धारदार वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. आणि ते माझ्याच घरी, कोथिंबिरीच्या काड्यांमध्ये पडून होतं!

ग्रामसभा जवळ आली होती. उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायला मशीन येणार हे आधीच ठरलेलं. बाबूजींना त्यात एवढंच वाढवायचं होतं: मशीनने उथळ काठही खरवडावा. एकदा ठराव झाला की देवधान मुळासकट ट्रॉलीत जाणार होतं.

मी ठरवलं, पत्रक काढायचं. देवधानाच्या बाजूने!

*

पत्रक लिहायचं तर आधी माहिती पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधी आणि तलाव यांच्या मधल्या धुऱ्यावर जाऊन बसले. एका हाताला बांधीतलं धान, दुसऱ्या हाताला तलावातलं धान. पाणी कमी असलेल्या जागेतून मावशीने मला देवधानाची लोंबी जवळ ओढून दिली.

"काऊन जी बाई, धानाचं लगन पायाले आली का?" तिने विचारलं.

"हाव, मावशी."

"मंग नवरी कोनती आन नवरदेव कोनता, थे आमालेबी सांगजो."

धानाला फूल येतं हे आम्ही सगळेच म्हणतो, पण ते फूल मी जन्मात नीट पाहिलं नव्हतं. त्याला पाकळी नाही, वास नाही, रंग नाही. दाण्याची दोन हिरवी टरफलं असतात ना, तेच त्याचं दार. दहाच्या सुमारास ऊन चांगलं तापलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बांधीतल्या लोंबीवरचं एक दार किलकिलं झालं! चिमणीची चोच उघडावी तसं. आतून पिवळट पिशव्या बाहेर लोंबल्या, दोऱ्यावर टांगल्यासारख्या. मी मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग देवधानाकडे वळले. तिथे तर सगळी लोंबीच उघडी पडली होती. मोजलं. सहा! धुऱ्यावरच्या गवतालाही फुलं होती. त्यांच्याकडे पाहिलं. तीन. दुसरं गवत घेतलं. तीन. परत धान. सहा. परत देवधान. सहा!

"सहा!" मी ओरडले. "मावशी, दोघांनाही सहा!"

"काय सहा?"

"केसर! गवताले तीनच आहेत. धानाले सहा आन देवधानालेबी सहा!"

मावशीने डोंग्यातूनच मायला हाक मारली, "ओ बाई, पोरगी तुही गवत मोजून राहिली. गोंदियाले दवाखान्यात नेजो बाप्पा."

माय धुऱ्यावर आली, वाकून पाहिलं. तिला बारीक दिसत नव्हतं, म्हणून मी फोटो मोठा करून दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या वर्षांचं धान हाताखालून गेलं, आन मी याचं तोंडच नाई पायलं."

त्या सकाळी मी धुऱ्यावरून उठलेच नाही. दोन्ही फुलं एका घरातली होती यात आता शंका नव्हती, पण स्वभाव वेगळे! बांधीतल्या धानाच्या केसरपिशव्या आखूड, आतलं पिसासारखं स्त्रीकेसर पांढरट आणि लाजाळू. त्याचं बहुतेक काम घरातल्या घरात, दार उघडायच्या आधीच उरकतं. देवधानाच्या पिशव्या लांब, झुलत्या, आणि त्याची जांभळी पिसं टरफलांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारी, शेजारच्या रोपावरून वाऱ्याने येणाऱ्या पिवळ्या धुळीची वाट पाहणारी. दुपारपर्यंत दोघांचीही दारं बंद झाली.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचत सुटले. देवधान आणि धान एकाच कुळातले, ओरायझा नावाच्या. आपण जे खातो ते धान हजारो वर्षांपूर्वी अशाच पाण्यातल्या रानधानातून माणसाने घडवलं. कसं घडवलं? अगदी साध्या रीतीने. रानधान पिकलं की गळतं. पण लाखात एखादं रोप असं निघतं की त्याचा दाणा देठाला धरून राहतो. गळलेला चिखलात गेला, धरून राहिलेला टोपलीत आला, घरी आला, पुढच्या पावसाळ्यात पेरला गेला. पिढ्यान् पिढ्या असंच. टोपली घेऊन पाण्यात उतरणारं माणूस कोण असणार? माझ्या मनाला तर दुसरं कुणी येतच नाही. ती बाईच असणार! पुरावा मी देऊ शकत नाही, पण गाठी बांधणारे हात मी पाहिले आहेत.

त्या उत्साहात मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता: "देवधान आपल्या धानाची माय आहे! मायला तलावातून हाकलू नका!" खाली सहा केसरांची गोष्ट, गळण्याची आणि धरून राहण्याची गोष्ट, आणि शेवटी एक ओळ जी मला फार आवडली होती: "हे नातं इतकं जवळचं आहे की आजही वाऱ्याने एकाची धूळ दुसऱ्याच्या फुलावर पडली तर दाणा धरतो!"

तालुक्याच्या गावी, गोरेगावला, आठवडी बाजाराच्या दिवशी झेरॉक्स काढल्या. दुकानदार मूळचा गोंदियाचा. कागद मशीनमध्ये घालता घालता त्याने मथळा वाचला.

"दीदी, चावल की माँ? ये कौन सी पार्टी है?"

"पार्टी नहीं है, भैया. घास है."

"घास के लिए पर्चा!" तो म्हणाला, आणि गंमत म्हणून चार कागद जास्तीचे काढून दिले.

बाजारात, एसटीच्या थांब्यावर, आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे वाटले. लोक वाचत होते! मी टपरीच्या बाकावर बसून ऐकत होते. आमच्या शेताला शेत लागून असलेले काका मोठ्याने वाचून दाखवत होते. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तू म्हनतेस थे माय आहे."

"हाव, काका."

"आन वाऱ्यानं धूळ आली का दाना धरते."

"हाव."

"मंग तं पक्कंच झालं! माय पोरीच्या घरी येनारच. म्हनूनच तं काढा लागते तिले!"

टपरी हसून लोटपोट झाली.  संध्याकाळी बाबूजी खिशात माझंच पत्रक घालून घरी आले. त्यांनी ते खाटेवर पसरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाजात टोमणा नव्हता, उलट कौतुकच होतं, आणि त्यामुळे जास्त झोंबलं.

"लय चांगलं लिहून राहिली तू. मी हेच ग्रामसभेत वाचून दाखवतो."

मायने माझ्या ताटात भाजी वाढली. मला वाटलं, डबा रिकामा करायचं काम माझ्याच हातून होणार आहे.

*

ग्रामसभेच्या आदल्या सकाळी भेसळ उपटायला बाबूजींबरोबर मी बांधीत उतरले. कुसळ दिसलं की बुंध्याशी हात घालायचा, नीट ओढायचं आणि पाटीत टाकायचं. एक उपटलं, दुसरं उपटलं. तिसऱ्याच्या वेळी माझा हात तिथेच थांबला.

ते रोप ओळीत होतं.

मी सरळ उभी राहिले. पुढचं कुसळवालं रोप पाहिलं. तेही ओळीत. त्याच्या पुढचं? ओळीत! मी खाली बसून चुडाचा, एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्याचा, बुंधा दोन हातांनी उघडला. एका चुडात शेजारी शेजारी आमचं धान आणि देवधान, एकाच वेळी एकाच हाताने चिखलात खोचल्यासारखं.

"बाबूजी!" मी इतक्या जोराने ओरडले की पलीकडच्या धुऱ्यावरचे बगळे उडाले. "बाबूजी, इकडे या! हे रोवलेलं आहे!"

"काय रोवलेलं?"

"देवधान! हे उगवून नाई आलं. हे आपन रोवलं आहे!"

"येडी झाली का तू? देवधान कोन रोवते?"

"पाहा ना! हे चूड पाहा. ही ओळ पाहा!"

ते चिखल तुडवत आले. वाकले. मी बोलतच सुटले होते. थांबणं शक्यच नव्हतं. "वाऱ्यानं यंदा धूळ उडाली तं ती यंदाच्या दान्यात जाईल. दाना पेरला तं रोप पुढच्या वर्षी दिसेल. पन आपन पेरलं काय? सीलबंद पिशवीतलं! मंग हे रोप वाऱ्याचं नाई."

बाबूजी विचार करत म्हणाले, "तलावाच्या पान्यात दाना वाहून आला असंल."

"वाहून आला असता तं ओळीत कसा उभा राहिला? पान्यानं दोरी धरली होती का?"

बाबूजींचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला. मग ते स्वतःच बांधीभर फिरायला लागले. धुऱ्याजवळ, तलावाच्या अगदी कडेला, जिथे सगळ्यात जास्त भेसळ असायला पाहिजे होती, तिथे एकही कुसळ नव्हतं. होती ती सगळी घराकडच्या कोपऱ्यात.

"इथं रोवना कोन्या पऱ्ह्यानं केला होता?" मी विचारलं.

ते आठवत उभे राहिले. "गोठ्याच्या मांगच्या वाफ्यातल्या. थे पऱ्हे लवकर वाढले होते. खत जास्त होतं तिथं."

खत! आम्ही दोघेही एकाच क्षणी घराकडे पाहायला लागलो. मी पळत सुटले, ते मागून मोठ्या ढांगांनी. गोठ्यामागे शेणखताचा खड्डा. त्याच्या काठाला, ओलीला, हिरवंगार वाढलेलं रोप उभं होतं. आम्ही रोज त्याच्या बाजूने जात होतो, गवत समजून. त्याची लोंबी मी हातात घेतली. लांब, तांबूस कुसळं.

माय पाट्याजवळ उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तिला दोन शब्दांत सांगायची गरजच पडली नाही. तिची नजर अंगणाकडे गेली, जिथे दर कार्तिकात ती देवधान वाळवते. तिथून झाडूकडे, झाडूकडून खड्ड्याकडे. वाळवताना गळलेले, कांडताना उडालेले दाणे झाडून ती दरवर्षी खड्ड्यात टाकत होती. तेच खत पऱ्ह्यांच्या वाफ्यात जात होतं. कोवळं असताना देवधान आणि धान पात्यावरून वेगळं ओळखू येतच नाही, इतकं जवळचं नातं! मग रोवणा करणाऱ्या बाया, त्यांत मायही, तेच पऱ्हे उपटून, जुड्या बांधून, दोरी धरून सरळ ओळीत लावत होत्या.

"म्हंजे मीच," माय म्हणाली. "माह्या हातानं झाडलं, माह्या हातानं रोवलं."

तिचा चेहरा उतरला. मला भीती वाटली की आता बाबूजी म्हणतील, मग डबाच बंद. बाबूजी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. त्यांनी ते रोप उपटलं, मुळांची माती झटकली आणि एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"तू झाडलं, हाव. पन वाफ्यात नेऊन टाकलं कोनं? मीच ना! चांगलं कुजलेलं, काळंभोर खत म्हनून निवडून निवडून मीच नेलं. आन गावभर सांगत फिरलो, का तलाव चोर आहे."

*

ग्रामसभेत बाबूजी उठले तेव्हा त्यांच्या एका हातात माझं पत्रक होतं आणि दुसऱ्या हातात खड्ड्यावरचं रोप. शेजारच्या काकांनी आधीच आवाज दिला, "वाचा ना जी, माय-लेकीची गोष्ट वाचा!"

"वाचत नाई," बाबूजी म्हणाले. "सांगतो. सरपंचबाई, काठ खरवडा म्हनून मीच बोललो होतो. ते मागं घेतो. माह्या बांधीत देवधान तलावातून नाई आलं. माह्याच खताच्या पाट्यांतून आलं. तलावाचा काई गुन्हा नाई."

एकच हशा पिकला. काका ओरडले, "म्हंजे चोर घरातच होता का?"

"घरात नाई, उकिरड्यात होता," बाबूजी म्हणाले. "आन बाकीच्याइनंही आपापला पाहावा. फक्त माह्याच अंगनात देवधान वाळते असं नाई."

खालच्या बाजूला बायांची बाकं होती. तिथे कुजबुज सुरू झाली, कारण प्रत्येकीच्या घरी झाडू होता आणि खड्डाही. एक-दोघांनी तरीही काठ साफ करा म्हणून जोर लावलाच. मग सरपंचबाईंनी ठरवलं: गाळ खोल भागातला काढायचा, उथळ काठाला मशीन लावायची नाही. आणि वाऱ्याचं भय नको म्हणून आमच्या धुऱ्याला लागून असलेली पट्टी तेवढी आम्ही फुलायच्या आधी कापून गाईंना घालायची. मावशी मागून म्हणाली, "तेवढं तं आमची म्हसच खाऊन टाकते. ठराव कायले पायजे!"

साहेब परत आले, ओळींमधून फिरले आणि मान डोलावून कागदावर सही करून गेले. बाबूजींनी त्यांना चहाच्या आधी बांधी नाही, शेणखड्डा दाखवला.

कार्तिकात माय आणि मावशी पाण्यात उतरल्या. या वेळी मीही पदर खोचून उतरले. पाणी थंडगार. बांधलेल्या गाठी जागोजागी दिसत होत्या. मी टोपली धरली, मायने पहिली गाठ झटकली आणि तांबडे, कुसळदार दाणे सळसळत टोपलीत पडले. अर्धे पाण्यात गेलेच. माझा जीव तुटला, पण माय म्हणाली, "जाऊ दे, थे तलावाचे," आणि पुढच्या गाठीकडे वळली.

बाबूजी धुऱ्यावर उभे राहून ओरडत होते. "अंगनात नाई वाळवाचं! आन गोठ्याकडे तं बिलकुल नाई! एक दानाही इकडे आला नाई पायजे!"

"तुमी कायले बोंबलून राहिले जी?" माय पाण्यातूनच म्हणाली. "माहं धान आहे. तलावाच्या पाळीवर वाळवतो. तुमची खताची पाटी आवरा आधी."

आणि तिने पाळीवर, तलावाच्या बांधावर, गावच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आपलं जुनं लुगडं पसरलं. त्यावर देवधान ओतलं. दाणे उन्हात लाल दिसत होते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारत होती, "कोनाचं आहे जी?" आणि माय हातानं धान पसरता पसरता सांगत होती, "माहं."